पोलीस श्वानाचा आज्ञाधारकपणा आणि त्याच्या नाकाची साक्ष

प्रश्न : गोदाकाठ

मी गोदावरीच्या काठच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. गेल्या पौष महिन्यात आमच्या गावातील सराफी दुकान फुटले आणि सकाळी नऊच्या सुमारास श्वान पथकाची गाडी आली, तोपर्यंत निम्मे गाव दुकानासमोर जमले होते. तुटलेल्या कुलपाजवळ पडलेल्या एका टॉवेलचा वास डॉबरमन जातीच्या कुत्रीला देण्यात आला. ती बाजारपट्टीतून, मारुतीच्या पारावरून, पुढे वस्तीच्या कडेने निघाली आणि वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका कुटुंबाच्या घरामागे, गोठ्यापाशी घुटमळून खाली बसली. घराची झडती झाली, त्यात काहीही सापडले नाही. दहा-बारा दिवसांनी खरे चोरटे दुसऱ्या तालुक्यात मालासह पकडले गेले. परंतु तेवढ्या दिवसांत त्या कुटुंबाची किराणा दुकानातील उधारी बंद झाली होती आणि त्यांच्या मुलाने, जो माझा विद्यार्थी आहे, महाविद्यालयात येणे सोडले होते.

माझा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. त्या सकाळी गाव भारावून गेले ते कुत्रीची शिस्त पाहून. पोरांनी बिस्किटे टाकली, तिने त्यांकडे पाहिलेही नाही. शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तरी ती बिचकली नाही. हस्तकाच्या, म्हणजे तिला सांभाळून तिच्याकडून काम करवून घेणाऱ्या पोलिसाच्या, एका शब्दावर उठत होती आणि एका शब्दावर बसत होती. पारावरचे एक आजोबा म्हणाले, "आमच्या घरातलं पोरगं इतकं ऐकत नाही." आणि एकदा तिचे हे ऐकणे पाहिल्यावर ती जे दाखवील ते खरेच असणार, असे सर्वांनी, खरे सांगायचे तर मीही, मनोमन धरून टाकले. पुढे विचार करताना मला शंका आली की, जे जनावर आपल्या माणसाचे इतके ऐकते ते त्या माणसाच्या मनातील संशयही ऐकत असेल काय? पोलीस श्वानांच्या आज्ञाधारकपणाचे निकष कोणते असतात, त्यांची परीक्षा कशी होते, आणि त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या श्वानाच्या बोटावर, म्हणजे नाकावर, कितपत विश्वास ठेवावा, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद १ : निवृत्त हस्तक

सर, मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांच्या श्वान पथकांत मिळून मी एकोणीस वर्षे काढली आहेत. कागदावर आम्ही श्वान लिहितो आणि तोंडी कुत्राच म्हणतो, म्हणून येथेही तसेच लिहितो.

आपल्या राज्यात हे प्रशिक्षण पुण्याला, गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात होते. याखेरीज ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि लष्कराची कुत्री मेरठला तयार होतात. पिल्लू निवडताना सुरुवातीला त्याचा आज्ञाधारकपणा कोणी पाहत नाही. चेंडू गवतात फेकला आणि तो दिसेनासा झाला तरी जे पिल्लू शोध सोडत नाही, फटाका वाजल्यावर दचकले तरी लगेच सावरून पुढे येते, ते आमच्या कामाचे. आज्ञा नंतर शिकवता येते, ही ओढ मात्र शिकवता येत नाही. पिल्लाबरोबर हस्तकाचेही प्रशिक्षण होते, आणि एका कुत्र्यामागे बहुधा दोन हस्तक असतात, म्हणजे एक रजेवर गेला तरी कुत्रा उपाशी आणि बेकार राहत नाही.

पहिले काही आठवडे केवळ आज्ञापालनाचे असतात. हस्तकाच्या डाव्या गुडघ्याला खांदा लावून चालणे, तो थांबला की आपोआप बसणे, पडून राहणे, हस्तक दृष्टीआड गेला तरी जागा न सोडणे, हाक मारताच सरळ समोर येऊन बसणे, सांगितलेली वस्तू उचलून आणणे, अडथळे ओलांडणे, परक्याने दिलेले खाणे नाकारणे आणि गोळीबाराच्या आवाजात स्थिर राहणे, हे सर्व प्रथम पट्ट्यात आणि मग पट्ट्याशिवाय करून घेतात. आज्ञा इंग्रजीच असतात, सिट, डाउन, स्टे, हील. पण खरे पाहता कुत्रा शब्दापेक्षा आवाजाची पट्टी आणि आपले खांदे अधिक वाचतो. त्यानंतर कामाची वाटणी होते. स्फोटके किंवा अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्याला एकूण साधारण सहा महिने लागतात, तर माग काढणाऱ्याला नऊ महिन्यांच्या आसपास, कारण ठरावीक पदार्थाचा वास एकदा पक्का झाला की तो तोच राहतो, पण माग दर वेळी नव्या माणसाचा, नव्या जमिनीवरचा आणि वेगळ्या वयाचा असतो.

आता आपल्या शंकेकडे येतो, कारण ती रास्त आहे. मैदानावरचे ऐकणे आणि मागावरचे ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मैदानावर मी सांगतो आणि कुत्रा करतो. मागावर मी वास देतो, एकदाच आज्ञा देतो आणि लांब दोरी सैल धरून त्याच्या मागे चालतो. तेथे हुकूम कुत्र्याचा असतो आणि आज्ञाधारक मी असायला हवे. हे बोलायला सोपे आहे. मैदानावर वर्षभर ज्याला प्रत्येक पावलाला माझ्याकडे पाहायला शिकवले, त्याने मागावर माझ्याकडे पाहू नये, अशी ही अपेक्षा आहे, आणि हे दोन्ही एकाच जनावराकडून करून घेणे यातच हस्तकाची सगळी कसोटी आहे.

माझी एक चूक सांगतो. एका गोदामातून हरभऱ्याची पोती गेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा मालकाने गाडीतच मला सांगितले की, अमक्या गल्लीतील अमक्यावर त्याचा संशय आहे. कुत्रा व्यवस्थित निघाला, पण तीन वाटा फुटतात तेथे तो क्षणभर अडखळला. मी काही बोललो नाही, दोरीही ओढली नाही; केवळ त्या गल्लीच्या तोंडाशी माझे पाऊल थांबले. कुत्र्याने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तो गल्लीत शिरला. तेथे काही मिळाले नाही. रात्री अहवाल लिहिताना तो वळण्याआधीचा क्षण मला आठवला आणि लाज वाटली. त्या दिवसापासून माग पूर्ण होईपर्यंत मी कोणालाही माझ्यासमोर संशयिताचे नाव घेऊ दिले नाही. ठाणेदारसाहेब तपशील ऐकत असताना मी कुत्र्यासह गाडीतच बसून राहायचो. काहींना तो उद्धटपणा वाटला.

आणखी एक गैरसमज दूर करतो. कुत्री खाली बसली म्हणजे तिने घर दाखवले, असे आपल्या गावाने धरले असावे. बसणे हा स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याचा इशारा आहे. बॉम्बजवळ भुंकू नये, पंजा मारू नये, म्हणून त्याला शांत बसायला शिकवलेले असते. १९९३च्या मुंबई स्फोटांच्या काळात ज्या झंजीर नावाच्या श्वानाने हजारो किलो आरडीएक्स शोधून दिले तोही पुण्यातच शिकलेला होता, आणि लोकांच्या डोळ्यांत तेच चित्र बसले आहे. माग काढणाऱ्या कुत्र्याचे बसणे मात्र पुष्कळदा "येथे माग संपला", "मी थकले" किंवा "दोरी थांबली म्हणून मीही थांबले" एवढेच सांगते. आपल्या वर्णनावरून मला एक विचारायचे आहे : त्या गोठ्याच्या मागे काय आहे?

प्रतिसाद २ : उदगीरकर

मी पशुवैद्यक आहे आणि काही काळ पोलीस श्वानांवर उपचार केले आहेत, म्हणून केवळ शरीराच्या बाजूने लिहितो.

वास घेताना कुत्रा सेकंदाला पाच-सहा वेळा हुंगतो, आणि त्यासाठी तोंड मिटलेले असावे लागते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांना थोडा येतो तेवढाच. अंग थंड ठेवण्यासाठी त्याला धापा टाकाव्या लागतात. धापा टाकणे आणि हुंगणे एकाच वेळी होत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात परभणी-नांदेडचा पारा चाळीसच्या बराच वर जातो, आणि त्या उन्हात दुपारी बारा वाजता डांबरी रस्त्यावर उभ्या केलेल्या कुत्र्याचे नाक, कितीही उत्तम प्रशिक्षण झालेले असले तरी, निम्म्या वेळेला बंदच असते. तीच गोष्ट जमिनीची. पहाटेच्या दवात, तुडवलेल्या हरभऱ्यात किंवा गव्हात माग टिकतो, तर भेगाळलेल्या काळ्या रानात उन्हे चढल्यावर तो झपाट्याने विरतो. पौषातली सकाळ त्या मानाने चांगली, पण नऊ वाजेपर्यंत निम्मे गाव त्यावरून चालून गेले होते.

आरोग्याचाही निकष हवा, आणि त्याकडे फार थोडे लक्ष जाते. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा ताप सर्रास आढळतो आणि त्यात कुत्र्याच्या नाकातून रक्त येऊ शकते. असा कुत्रा ताप उतरला म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर नेणे योग्य नाही. औषधांचेही तसेच. कुत्र्यांना जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल हे औषध स्फोटके हुंगणाऱ्या काही कुत्र्यांची वास ओळखण्याची क्षमता काही काळ कमी करते, असे अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या प्रयोगात दिसून आले आहे. म्हणजे कुत्रा तोच, आज्ञापालन तेच, चालणे-बसणे तेच, आणि नाक मात्र रजेवर. मैदानावरच्या परीक्षेत ही गोष्ट कोणाच्याही लक्षात येणार नाही.

जाता जाता, लातूरकडचे मित्र मला नेहमी विचारतात की आपल्या कारवान किंवा पश्मी या देशी जातींची कुत्री पोलिसांत का घेत नाहीत. त्याच कुळातली मुधोळ कुत्री मेरठला प्रशिक्षणासाठी नेली गेली होती, त्यामुळे दार बंद आहे असे नाही. परंतु ही कुत्री मूळची नजरेने शिकार करणारी, ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटणारी. नाक जमिनीला लावून तासभर संथ चालण्याचा त्यांचा पिंड नाही. जातीचा अभिमान आणि कामाची पारख यांची गल्लत करू नये, एवढेच.

प्रतिसाद ३ : साक्षीपुरावा

मी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात वकिली करतो. गोदाकाठ यांच्या शंकेला सर्वोच्च न्यायालयाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी शब्द दिलेले आहेत, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातीलच होते, हे येथे सांगणे उचित वाटते.

अब्दुल रज्जाक मुर्तजा दफादार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६९च्या निकालात रेल्वे घातपाताच्या गुन्ह्यात माग काढणाऱ्या श्वानाच्या पुराव्याचा विचार झाला. न्यायालयाने त्यावरचे तीन आक्षेप नमूद केले : श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन शपथेवर सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने हस्तक जे सांगतो ते ऐकीव ठरते, माणसाचे जीवित आणि स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर अवलंबून असू नये, आणि अशा पुराव्याचा मनावर होणारा परिणाम त्याच्या खऱ्या मोलाहून फार मोठा असतो. तिसरा आक्षेप परदेशातील ज्यूरींना, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळांना, उद्देशून होता, परंतु तो आपल्या पारावर बसलेल्या मंडळींना अधिक लागू पडतो असे मला हा प्रश्न वाचताना वाटले. त्याच निकालात पुढे म्हटले आहे की, रक्ततपासणी किंवा रासायनिक क्रिया यांच्याशी या पुराव्याची बरोबरी करता येत नाही, कारण रसायनाला स्वतःची इच्छा नसते, तर श्वान हा विचार करणारा प्राणी आहे आणि म्हणून तेथे चूक, फसगत, इतकेच नव्हे तर स्वतःचीच फसवणूक होण्याची शक्यता कायम राहते. त्या प्रकरणात शिक्षा टिकली ती अन्य पुराव्याच्या बळावर.

२००१मध्ये आंध्र प्रदेशातील गडे लक्ष्मी मंगराजू यांच्या प्रकरणात न्यायालयाने हेच अधिक स्पष्ट केले : तपास यंत्रणेने श्वानाचा हवा तेवढा उपयोग करावा, पण फौजदारी न्यायालयाने त्याच्या दाखवण्याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही, कारण श्वान आणि त्याचा धनी यांच्यात गैरसमज होण्याची शक्यता नेहमीच असते. २००८च्या दिनेश बोरठाकूर विरुद्ध आसाम राज्य या निकालाचा सूरही तोच आहे. १ जुलै २०२४पासून पुराव्याचा नवा कायदा लागू झाला आणि तज्ज्ञाच्या मताचे जुने कलम ४५ आता कलम ३९ झाले. परंतु हस्तक हा श्वानाच्या मनाचा तज्ज्ञ ठरतो काय, हा वाद त्याने मिटत नाही.

उलटतपासणीत मी कुत्र्याच्या शिस्तीविषयी कधीच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर साक्षीदाराच्याच बाजूने जाते. माझे प्रश्न ठरलेले असतात. माग सुरू करण्यापूर्वी आपणास संशयिताचे नाव ठाऊक होते काय? वास दिलेली वस्तू कोणी, कोठून, कशाने उचलली आणि तोपर्यंत तिला किती हात लागले होते? या श्वानाची शेवटची चाचणी केव्हा झाली, आणि त्या चाचणीत वस्तू कोठे ठेवली आहे हे आपणास माहीत होते काय? शेवटच्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते.

सर, आपल्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाच्या बाबतीत सांगायचे तर, कायद्याच्या दृष्टीने त्यांच्याविरुद्ध त्या सकाळी काहीच उभे राहिले नव्हते. झडतीचा पंचनामा झाला असेल, आणि त्यात काही मिळाले नाही असे लिहिले असेल. त्याची प्रत त्यांनी मागून घ्यावी.

प्रतिसाद ४ : मांजराकाठ

वकीलसाहेबांचा शेवटचा प्रश्न हाच या चर्चेचा गाभा आहे, असे माझे मत आहे, आणि निवृत्त हस्तक यांनी स्वतःची जी चूक मोकळेपणाने सांगितली तिला संशोधनाचा आधार आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतील संशोधकांनी २०११मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्फोटके किंवा अमली पदार्थ शोधणाऱ्या श्वान-हस्तकांच्या अठरा जोड्या त्यात होत्या. हस्तकांना सांगितले गेले की, खोल्यांत वास असलेल्या वस्तू असू शकतात आणि काही ठिकाणी लाल कागदाने तशी जागा दाखवलेली आहे. प्रत्यक्षात एकाही खोलीत तसली वस्तू नव्हती. १४४ फेऱ्या झाल्या आणि त्यांपैकी केवळ २१ फेऱ्यांत काहीही दाखवले गेले नाही. उरलेल्या १२३ फेऱ्यांत "येथे सापडले" असा इशारा एकदा तरी नोंदला गेला, आणि तोही लाल कागदापाशी अधिक. संशोधकांनी काही ठिकाणी लपवलेल्या सॉसेजच्या आणि चेंडूच्या मोहाला कुत्री तितकीशी भुलली नाहीत. माणसाच्या समजुतीला मात्र भुलली. यात खोटेपणा कोणाचाच नव्हता. हस्तकाला वाटले, कुत्र्याने ते वाचले, आणि कुत्र्याने दाखवले असे पुन्हा हस्तकानेच नोंदवले.

म्हणून निवृत्त हस्तक यांच्याशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. संशयिताचे नाव ऐकायचे नाही, हा त्यांचा नियम उत्तम. पण तो त्यांच्या सचोटीवर उभा आहे. निकष असा हवा की, सचोटी कमी असलेल्या हस्तकालाही तो पाळावाच लागेल. पोलिसांच्या कर्तव्य मेळाव्यात श्वानांच्या स्पर्धा होतात, पदके मिळतात, त्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु वर्षातून एकदा उत्तम दिवशी, उत्तम मैदानावर झालेली कामगिरी आणि दर महिन्याला, हस्तकाला अथवा जवळ उभ्या असलेल्या कोणालाही वस्तू कोठे आहे हे माहीत नसताना घेतलेली चाचणी यांत फार अंतर आहे. त्या चाचणीत काही वेळा वस्तू ठेवूच नये. "येथे काही नाही" हे उत्तर देता येणारा कुत्रा मला अधिक भरवशाचा वाटतो. इंग्लंडमध्ये श्वान आणि हस्तक या जोडीला मिळून परवाना देतात आणि तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. हस्तक बदलला की जोडी मोडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये फ्लोरिडातील हॅरिस खटल्यात श्वानाच्या विश्वसनीयतेसाठी अशा नियंत्रित परिस्थितीतील प्रमाणपत्रावर भर दिला, कारण रस्त्यावरच्या कामगिरीच्या नोंदीत कुत्रा चुकला की आधी तेथे असलेल्या पदार्थाचा उरलेला वास त्याला आला हे कळतच नाही.

दुसरी गोष्ट आमच्या किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. दगडमातीच्या घरांचे ढिगारे लोक हातांनी, पहारींनी उपसत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल त्यानंतर तेरा वर्षांनी, २००६मध्ये उभे राहिले. त्यांची कुत्री ढिगाऱ्यावर पट्ट्याशिवाय, हस्तकापासून दूर काम करतात आणि जिवंत माणसाचा वास आला की भुंकतात. फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या दलाच्या ज्युली नावाच्या लॅब्रॅडॉरने एका ढिगाऱ्यावर इशारा दिला, तेव्हा त्यावरच न थांबता रोमिओ नावाच्या दुसऱ्या कुत्र्याला स्वतंत्रपणे पाठवले गेले. त्यानेही तेथेच इशारा दिला, आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर निघाली. जेथे चुकीचा इशारा म्हणजे चुकीच्या जागी घालवलेले तास, तेथे दुसऱ्या नाकाची खात्री करून घेतात. चोरीच्या तपासात चुकीच्या इशाऱ्याची किंमत दुसरेच कोणी मोजते, म्हणून कदाचित ती घाई चालून जाते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंचनाम्याच्या प्रतीविषयी मी आजच त्या कुटुंबाशी बोललो.

निवृत्त हस्तक यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी काल संध्याकाळी मुद्दाम तेथे जाऊन आलो. गोठ्याच्या मागे बाभळीचे कुंपण आहे, त्यात माणूस वाकून जाईल एवढे भगदाड आहे, आणि कुंपणापलीकडे तीस-चाळीस पावलांवर पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, लागते. ही पांदण पुढे डांबरी रस्त्याला मिळते. चोरट्यांनी आपली गाडी याच पांदणीत उभी केली होती, असे अटकेनंतर वर्तमानपत्रात आले होते. मी ती बातमी तेव्हा वाचली होती, पण ही दोन टोके माझ्या डोक्यात कधी जुळली नाहीत.

निवृत्त हस्तक

मग सर, ती कुत्री चुकली नव्हती. चोरटे दुकानातून निघून त्या घराच्या मागून, त्याच भगदाडातून पांदणीत गेले. ती त्यांच्या पावलावर पाऊल टाकत गोठ्यापर्यंत आली. कुंपणाशी दोरी अडकली असेल, किंवा मागून आलेली गर्दी पाहून हस्तक थांबला असेल, आणि दोरी थांबली म्हणून ती शिकवल्याप्रमाणे बसली. येथे तिचा मैदानावरचा आज्ञाधारकपणाच आडवा आला. तिने आणखी चाळीस पावले हट्ट धरला असता, हस्तकाला कुंपणापलीकडे ओढले असते, तर चाकांच्या खुणांपाशी माग संपला असता आणि त्या घराकडे कोणी पाहिलेही नसते. आम्ही तरुणांना शिकवायचो की कुत्रा घुटमळला की लगेच निष्कर्ष काढू नका, त्याला थोडे मागे नेऊन पुन्हा सोडा आणि मोठा वळसा घालून पलीकडे माग लागतो काय ते पाहा. शंभर डोळे पाहत असताना हे करायला धीर लागतो, कारण लोकांना वाटते की कुत्रा फसला.

मांजराकाठ यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझा नियम माझ्यापुरता होता. वस्तू कोठे ठेवली हे माहीत नसताना चाचणी देण्याची आम्हा हस्तकांना भीती वाटते, हे मी नाकारत नाही. कुत्रा चुकला तर नाव आमचे जाते. आमच्याकडे वहीत यश तेवढे लिहिले जायचे. बीडच्या रॉकी या पोलीस श्वानाने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली आणि ऑगस्ट २०२०मध्ये तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला, पंतप्रधानांनीही त्याचा उल्लेख केला; त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण कोणत्याही कुत्र्याच्या वहीत "आज काही सापडले नाही आणि नंतर तेच खरे ठरले" अशी नोंद मी पाहिलेली नाही. ती ठेवायला खर्च काहीच नाही, एक रकाना वाढवायचा.

गोदाकाठ

काका, आपण हे लिहिलेत त्याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही. आपला हा प्रतिसाद छापून मी त्या मुलाच्या वडिलांना वाचून दाखवणार आहे, आणि त्यांची हरकत नसेल तर ग्रामसभेतही. एक शेवटची विचारणा : पुन्हा कधी पथक आले तर गावाने नेमके काय करावे?

निवृत्त हस्तक

जेथे चोरी झाली तेथे रात्रीच दोन माणसे राखणीला बसवावीत आणि पोलीस येईपर्यंत कोणालाही उंबरा ओलांडू देऊ नये. चोरट्यांची टाकून गेलेली वस्तू कोणीही उचलू नये, काठीनेसुद्धा नाही. फार झाले तर तिच्यावर पाटी पालथी घालावी. कोणत्या बाजूला पाय गेलेत असे वाटते ती बाजू सोडून उभे राहावे. कुत्रा निघाल्यावर मागे पळू नये, पन्नास पावले अंतर ठेवावे. संशयिताचे नाव ठाणेदारांना बाजूला घेऊन सांगावे, हस्तकाच्या कानावर ते पडू देऊ नये. आणि काम संपल्यावर कुत्र्यासाठी घमेलेभर थंड पाणी ठेवावे. बिस्किटे नकोत.